हनुमंताच्या फोनातली बाई

"पत्रा बडवून बडवून हात सुजला, तरी गाडी थांबंना. ध्यान सगळं त्या मोबाईलात!" शेजारची म्हातारी पदराआड पुटपुटली.

मनकर्णा तिला खेटूनच बसली होती. आपण ह्याच डायव्हरची बायको, हे तिनं काही सांगितलं नाही. संगमनेरकडच्या अकोल्याहून घाटानं वर येणाऱ्या जीपला घंटी नसते. उतरायचं आलं की पत्र्यावर दोन थापा मारायच्या, की डायव्हर थांबतो. हनुमंत हल्ली थांबत नव्हता. मघाशी घाटात मागचा ट्रक हॉर्न वाजवून दमला आणि शेवटी अंगाला घासूनच पुढं गेला. म्हातारीचा फाटा मागं राहिला तेव्हा कुणीतरी पुढं वाकून हनुमंताच्या खांद्याला हात लावला. म्हातारी उतरली, त्याला चकार शब्द बोलली नाही. वरच्या गावाला जाणारी हीच एक जीप. वाकडं कोण घेणार?

मनकर्णानं मात्र 'मोबाईल' तेवढा मनात धरून घर गाठलं.

तीन महिने तिच्या डोक्यात तेच चाललं होतं. आधी तो फोन घरभर लोळायचा, कुणीही उचलावा. दिवाळीला धनश्री संगमनेरच्या कॉलेजातून आली, बापलेक ओट्यावर डोक्याला डोकं लावून बसले, आणि तेव्हापासून फोनाला अंगठ्याचं कुलूप लागलं. मेसेज आला तर पडद्यावर ना नाव, ना मजकूर. कुणाचा फोन आला की मागचा बॅटरीचा दिवा लुकलुकायचा. मनकर्णाला तो फोन डोळा मारतोय असंच वाटायचं. हनुमंताचं बोलणं तर दोन शब्दांत उरकायचं, "बरं, बरं." मग गोठ्यामागं जाऊन फोन कानाला दाबून उभं राहायचं, तोंडातून अक्षर न काढता. एवढं ऐकून घ्यावं अशी कोण भेटली ह्यांना? आपलं तर पंचवीस वर्षांत कधी धड ऐकलं नाही.

तिनं धनश्रीला फोन लावला.

"धने, बापाच्या मोबाईलात काय करून ठेवलंस गं?"

"काही नाही आई. प्रायव्हसीची सेटिंग."

"म्हंजी?"

"म्हणजे दुसऱ्या कुणी बघू नये."

"मी दुसरी हाय का?"

"आई, बाबांनाच विचार ना," म्हणून पोरीनं फोन ठेवला. हिच्याही पोटात काहीतरी होतं.

जेवण करून हनुमंत ओट्यावर आडवा झाला. चारच्या फेरीला वेळ होता. मनकर्णानं भांडी घासता घासता एक ताट मुद्दाम फरशीवर आपटून पाहिलं. माणूस ढिम्म. तेव्हा तिनं पदराला हात पुसले, उशाचा फोन उचलला आणि त्याचा अंगठा धरून हळूच टेकवला. उघडलं! लग्नात तो हात हातात घेतला तेव्हाही छाती इतकी धडधडली नव्हती.

'रेकॉर्डिंग' लिहिलं होतं तिथं तिनं दाबलं. खाली नावं उलगडली. घर, घर, घर, धनू, घर. काय पण शक्कल! सटवीला घराचं नाव दिलंय. तिनं एकावर बोट ठेवलं.

आवाज शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलेला. फोन किंचाळलाच. कुणीतरी भसाड्या आवाजाची बाई तावातावानं बोलत होती. शी, हिच्यात तर गोडवा पण न्हाई! "येताना शेंगदाणं आना, आन् माज्या बीपीच्या गोळ्या संपल्यात, चिठ्ठी गाडीतच हाय..."

"बरं, बरं," हनुमंत म्हणत होता.

तो आवाज मनकर्णाचाच होता. आपला आवाज बाहेरून असा लागतो? इतक्या वर्षांत कुणी सांगितलं कसं नाही?

तिनं पुढचं लावलं. त्यातही तीच. "तुमी जाता तरी कुनाकडं, एकदा सांगा मला!"

"बरं, बरं."

शेंगदाणे आले होते त्या दिवशी. गोळ्याही आल्या होत्या. एकदाही काही विसरलं नव्हतं. फोनवर काही न कळता बरं म्हणायचं, आणि मग गोठ्यामागं तेच पुन्हा पुन्हा कानाशी धरायचं, शब्द लागेपर्यंत. म्हणजे हा संशयसुद्धा त्यानं ऐकला होता, आणि तसाच राहू दिला होता. खरं सांगण्यापेक्षा तोच बरा वाटला असेल.

शेजारचं कुत्रं त्या आवाजानं भुंकायला लागलं. फोनापासून हातभर अंतरावर हनुमंत शांत झोपला होता.

जीपमध्ये खांद्याला हात लावणाऱ्याला ठाऊक होतं. धनूला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर गेलं वर्षभर त्याच्या तोंडासमोर जाऊनच बोलणाऱ्या मनकर्णालाही. बोललं की जीप बंद. गावाचा बाजार बंद, दवाखाना बंद. आणि ह्या माणसाला गाडीवाचून दुसरं येतं काय?

अंगठा तिच्या हातातच राहिला होता, तो हलला. हनुमंतानं डोळे उघडले, फोन बघितला आणि उसनं हसला.

"सापडली का कोन हाय ती?"

"आज गाडी काढू नका," ती खाली बघत हळूच म्हणाली.

"बरं, बरं," म्हणत तो उठला आणि खुंटीवरची जीपची किल्ली घ्यायला निघाला.

मनकर्णानं आधी जाऊन किल्ली काढली, मुठीत धरली. त्याच्या पुढ्यात उभी राहिली आणि सगळ्या आळीला जाईल अशा त्या भसाड्या आवाजात म्हणाली,

"तुमाला ऐकायला येत न्हाई, धनूचे बाबा."