डोंगरकड्याची एकुलती एक शेरवानी

हिंगोलीत एका उस्तादाच्या हाताखाली मी शिवणकाम शिकलो. शिकलो म्हणजे फक्त शेरवानी शिकलो. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि कचेरीतला प्रत्येक मोठा माणूस शेरवानीत दिसे. त्यामुळे पुढेमागे सगळा मुलूख शेरवानीत जाणार अशी माझी खात्री झाली. अकलेचे हे दिवे पाजळायला मी माझं गाव निवडलं, डोंगरकडा.

माझे वडील नामाजी मेंढ्या राखायचे. त्यांनी अर्धा कळप विकून मला शिवणयंत्र घेऊन दिलं. ते बैलगाडीतून गावात आलं तेव्हा मी त्याच्या शेजारी नवरदेवासारखा बसलो होतो. वेशीजवळ दुकान मांडलं आणि नमुना म्हणून काळ्या कापडाची एक शेरवानी शिवून दारात टांगली. बंद गळा, सरळ बटणपट्टी, कुठे एक टाका वाकडा नाही.

गाव धोतर-बंडीत सुखी होतं. लोक यायचे, शेरवानीला हात लावायचे, तारीफ करायचे आणि तंबाखू मळत बसायचे. एकदा जमीनदार उकंडरावांनी ती धोतरावर चढवली, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि मांडी घालायला गेले. मांडी काही बसेना.

“पुंजाजी, ह्याच्यात बसता येत न्हाई,” ते म्हणाले. “हापिसर लोक दिवसभर उभेच राहतेत का?”

“खुर्चीवर बसतेत,” मी म्हणालो.

“मंग आधी सुताराकून खुर्ची करून घेतो.”

खुर्ची झाली नाही आणि उकंडरावही परत आले नाहीत.

वडिलांनी चार महिने कळ काढली. मग एकदा दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाले, “पाडव्यापस्तोर बघतो. न्हाई चाललं तर मशीन इकून मेंढ्या आनतो. काठी धरायला तू इसरला नसशील.”

मेंढ्यांची मला भीती नव्हती. हिंगोलीहून शिकून आलेला पुंजाजी पुन्हा मेंढ्यांमागे चाललाय हे सगळं गाव बघणार, या विचारानं मात्र माझी झोप उडाली.

माझी बायको मनकर्णा म्हणाली, “बायांच्या चोळ्या काहून शिवत न्हाई तुमी?”

“परक्या पुरुषाला कोण माप देईल?” मी म्हणालो. “अन् शेरवानीचा कारागीर चोळ्या शिवत नसतो.”

पहिलं कारण लोकांना सांगायचं होतं, दुसरं खरं होतं.

“माप मी घेते. तुमी कापा बराबर,” ती म्हणाली.

तिनं घरच्या मेंढ्यांच्या लोकरीचा धागा कातला. त्यावर एक गाठ गळ्याची, मग पाठीची, मग दंडाची. प्रत्येक बाईचा धागा वेगळा. कोणता कोणाचा हे तिलाच ठाऊक. दुकानात खुंटीवर नुसते धागे लोंबायचे आणि मी त्यावरून कापड बेतायचो. पहिला धागा भागाबाईचा होता. मेंढपाळाच्या घरात जन्मून लोकर ताणते हे मी विसरलो आणि उस्तादाच्या थाटात तो ओढून धरला. ती चोळी भागाबाईला ढगळ झाली, तिच्या जाडजूड सासूला मात्र नेमकी बसली. सासू खूश झाली. भागाबाईला मी दुसरी शिवून दिली.

पाडव्याला वडील फैसला करायला आले. दाराशी बायांची एवढी गर्दी होती की त्यांना आत शिरता येईना. ते परत गेले आणि त्या दिवसापासून धाग्यासाठी लोकर निवडून देऊ लागले.

मग शेजारच्या वारंगा गावाहून बाया आठवडी बाजाराला येताना घरूनच मापाच्या गाठी मारलेले धागे आणू लागल्या. बाया येतात म्हणून हिंगोलीचा खणवाला बाजारात बसू लागला, खणवाल्याशेजारी कासार, कासाराशेजारी भजीवाला. सगळा बाजार मीच भरवला असं मी चारचौघांत सांगायचो. मनकर्णा ऐकायची आणि गाठी मारत राहायची.

शेरवानी तशीच टांगलेली होती. अठ्ठेचाळीस साली निजामी गेली आणि गावात मराठी शाळा निघाली. त्या आठवड्यात मनकर्णानं माझ्यापुढे एक आखूड धागा ठेवला.

“हा कोनाचा?” मी विचारलं.

“आपल्या सखूचा. शाळेत जायाचं म्हनते लेकरू. अंगात धड झगा न्हाई, अन् दुकानात कापड हाय टांगलेलं.”

मी शेरवानीकडे पाहिलं. मग कात्री घेतली. सगळं कापलं, पण बंद गळा काही माझ्यानं मोडवेना. तो तसाच झग्याला लावला.

पहिल्याच दिवशी पोरांनी सखूला तहसीलदारीण म्हणून चिडवलं. मी शाळेच्या खिडकीतून बघत होतो. ती जमिनीवर मांडी घालून बसली, गळ्याचं बटण नीट केलं आणि पाटीवर वाकली. माझी शेरवानी अंगात घालून पहिल्यांदाच कोणाला बसता आलं होतं. मला रडू आलं.