प्लास्टिकच्या गवतावरची वीज

साखरशेत गावात गवताला तोटा नाही. तरीही लेकीला बघायला पाहुणे येणार म्हणून जिवलीने जव्हारच्या मंडपवाल्याकडून प्लास्टिकचं हिरवं गवत भाड्याने आणलं आणि घरकुलाच्या नव्या फरशीवर अंथरलं. फरशीला लाल माती लागेल, असं ती सगळ्यांना सांगत होती. खरं कारण वेगळं होतं. शेजारच्या येसूने पोराच्या साखरपुड्याला असलंच गवत आणलं होतं, आणि येसूच्या घरात असलेली गोष्ट आपल्या घरात नाही, हे जिवलीला कधीच सहन होत नसे.

माघ चालू होता. आठवडाभर उत्तरेचं कोरडं वारं सुटलं होतं. माणसांचे ओठ फुटले होते, टाचा भेगाळल्या होत्या, दोरीवर टाकलेली धुणी तासाभरात पापडासारखी कडक होत होती.

जिवलीची लेक भारती बावीस वर्षांची. जव्हारला एसटी स्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानात मशीन चालवायची. चहाचा ट्रे घेऊन नटून बाहेर येण्याचा प्रकार तिला मुळीच पसंत नव्हता. पण मुलगा मोखाड्याकडचा होता, सखा नावाचा. तो जीप चालवायचा. भारती दोन-तीनदा त्याच्या जीपमधून गेली होती आणि घाटाच्या वळणावर हा माणूस मोबाइल बघत नाही, एवढं तिच्या ध्यानात राहिलं होतं. म्हणून ती तयार झाली.

"हळू चाल हां," जिवलीने स्वयंपाकघरात तिला बजावलं. "तुझं ते दुकानातलं टाक टाक चालणं नको. पाय उचलू नको. घासत घासत ये. बाईमाणसासारखी."

"आये, मी काय फरशी पुसतेय?"

"सांगितलं तसं कर."

पाहुणे तिघे होते. सखा, त्याची आई हौशी आणि त्याचा मामा चंदू. भिंतीकडेला गवत पुरलं नव्हतं, तिथे उघड्या फरशीवर लोखंडी खुर्च्या मांडून त्यांना बसवलं होतं. भारती नवी पॉलिस्टरची साडी नेसून, हातात स्टीलचा ट्रे घेऊन, अनवाणी पाय त्या प्लास्टिकच्या गवतावर घासत, दारापासून पाहुण्यांपर्यंत लांबच्या लांब आली. हौशीने चहाचा स्टीलचा पेला घ्यायला बोट पुढे केलं.

चट्!

निळी बारीक ठिणगी उडाली. हौशी किंचाळली, पेला उपडा झाला, चहा चंदूमामाच्या मांडीवर गेला आणि चंदूमामा खुर्चीवर उभा राहिला.

"काय झालं? काय झालं?"

"चावली!" हौशी बोट चोखत म्हणाली. "पोर चावली मला!"

"मी हात तरी लावला का?" भारती म्हणाली.

जिवलीने घाईघाईत सावरासावर केली. भारती फडकं आणायला पाय घासतच आत गेली, घासतच बाहेर आली. तोवर हौशीनेही मन मोठं केलं होतं. झालं ते झालं, पोर गोड आहे, असं म्हणत तिने भारतीच्या कानातलं बघायला हात नेला. पुन्हा चट्. या वेळी भारतीच्या कानाची पाळी आणि हौशीचं बोट, दोन्ही एकदम चटकली.

आता मात्र हौशी उठली. "हिच्या अंगात काहीतरी आहे," ती म्हणाली आणि पदर सावरून दाराकडे निघाली. चंदूमामा तिच्या आधी अंगणात पोचला होता. सखा मागे राहिला. त्याने इकडेतिकडे बघितलं, पुन्हा फडकं घेऊन आलेल्या भारतीसमोर तर्जनी धरली आणि म्हणाला, "मला लाव ना एक."

तिने लावला. चट् झालं. सखा हसला, हात झटकला आणि आईच्या मागे पळाला.

ही बातमी जीपने मोखाड्यापर्यंत गेली आणि परत येताना मोठी होऊन आली. साखरशेतातून निघताना एक ठिणगी होती, जव्हारला तिचा जाळ झाला आणि मोखाड्याला चंदूमामाची अख्खी पँट पेटली. चहाचा डाग दाखवूनही कोणी मानायला तयार नव्हतं. मंडपवाल्याने तर फोनवर सांगून टाकलं, "गवत राहू द्या तुमच्याकडेच. मी नंतर बघतो."

हौशी हट्टाची होती, पण वाईट नव्हती. तिला पोर आवडली होती. तिने निरोप पाठवला की गोमा भगताला विचारा, तो म्हणेल तसं करू.

गोमा भगत आला, उंबऱ्यावर बसला, तांदळाचे दाणे चाळले आणि बराच वेळ डोळे मिटून राहिला. मग म्हणाला, पोरीने जव्हारहून येताना कुठलंतरी वारं अंगावर घेतलं आहे. काळी कोंबडी लागेल, एक बाटली लागेल आणि पोरीने पाच दिवस मागच्या खोलीत राहायचं, कुणाला शिवायचं नाही. कोंबडी आणि बाटली तो लगेच घेऊन गेला. कोंबडीचा उतारा कुठे टाकला हे कुणी बघितलं नाही, पण त्याच्या घराकडून दुपारी रस्स्याचा वास आला, हे पुष्कळांनी सांगितलं.

भारती म्हणाली, "मी नाही बसणार." जिवली म्हणाली, "माझ्यासाठी बस." ती बसली. पहिल्या दिवशी जिवलीने तिला ताट हातात दिलं. दुसऱ्या दिवशी येसू काहीबाही सांगून गेली आणि जिवलीने ताट जमिनीवर ठेवून बांबूच्या काठीने आत सरकवलं. भारतीने ताटाकडे बघितलं, मग काठीकडे, मग आईकडे. ती जेवली नाही. त्या दिवशी दुकानमालकाचा फोन आला, मशीन चालवायला दुसरी पोरगी शोधू का म्हणून. तेव्हा भारतीने मोखाड्याला किंवा भगताला नाही, तर थेट बोईसरला हिरीमावशीला फोन लावला.

हिरी ही जिवलीची धाकटी बहीण. बारा वर्षं बोईसरकडच्या एका प्लास्टिकच्या पिशव्यांच्या कारखान्यात होती. तिचा आवाज मशीनवर ओरडून ओरडून मोठा झाला होता आणि आता तो कमी करायचा तिला कंटाळा यायचा. फोनवर सगळं ऐकून ती इतकी हसली की भारतीलाही हसू फुटलं.

"बाय, उद्या येते," हिरी म्हणाली. "त्या गोमाला बोलव. तुझ्या सासूला बोलव. आणि ते गवत कुणाला उचलू देऊ नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जमले. हौशी आणि सखा आले. चंदूमामा अंगणाच्या पलीकडेच थांबला. गोमा भगत थंडीचं नवं स्वेटर घालून, कानटोपी चढवून आला. निम्मं गाव दारात होतं.

हिरीने आल्याआल्या जिवलीच्या कोपऱ्यातली काठी उचलली, बहिणीकडे एकदा बघितलं आणि ती चुलीत घातली. मग म्हणाली, "हौशीबाई, तुमच्या अंगात काही आहे का?"

"माझ्या? नाही बाई!"

"मग या. या गवतावर पाय घासत चाला. नवरीसारखं. आणखी. आणखी. लाजू नका, आम्हीच आहोत." हौशी घासत चालली. दारातल्या बाया खिदळायला लागल्या. दोन फेऱ्या झाल्यावर हिरी म्हणाली, "आता गोमाबाबाच्या नाकाला बोट लावा."

गोमा फरशीवर बसला होता. त्याला मागे सरकायला भिंत होती. हौशीचं बोट नाकाजवळ पोचलं आणि चट् असा आवाज आला की दारातल्यांनीही ऐकला. गोमा आईच्या नावाने ओरडला.

"आता हौशीबाईसाठी कोंबडी आणायची का?" हिरीने विचारलं.

हौशी आपल्या बोटाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पुन्हा करू?"

पण हिरीने तिला हाताला धरून बाहेर अंगणात नेलं आणि मातीवर तशाच दोन फेऱ्या मारायला लावल्या. मग स्वतःचं नाक पुढे केलं. काही झालं नाही. पुन्हा करून बघितलं, तरी काही नाही.

"आमच्या कारखान्यात दिवसभर हेच," हिरी सांगू लागली. "प्लास्टिकचा कागद रोलवरून घासत घासत फिरतो. दोन गोष्टी घासल्या की एकीवरची वीज थोडी दुसरीवर जाते. बारीक, दिसत नाही. माती असली तर ती लगेच जमिनीत उतरते. प्लास्टिक तिला उतरू देत नाही, म्हणून ती अंगावर साठत जाते. मग लोखंड दिसलं, स्टील दिसलं, माणसाचं बोट दिसलं की उडी मारते. त्या उडीचा चटका. बस्स. सुपरवायझरच्या मिशीला रोज लागायचा, आम्हाला बरं वाटायचं."

"मग पावसाळ्यात का नाही लागत?" सखाने विचारलं.

"पावसाळ्यात हवा ओली. घासलेल्या प्रत्येक गोष्टीवर पाण्याचं पातळ पांघरूण असतं, त्याच्यावरून वीज गुपचूप निघून जाते. आता बघ, तुझे ओठ फुटलेत. हवा कोरडी ठणठणीत. जाणार कुठे बिचारी?" मग तिचा आवाज एकदम खाली आला. "पण सगळं हसण्यावारी नेऊ नका. आमच्याकडे छपाईच्या खात्यात शाईत घालायचा पातळ द्रव असतो, त्याची वाफ पेट घेते. एकाच्या बोटातून ठिणगी उडाली आणि त्याच्या भुवया गेल्या. डोळे वाचले, नशीब. म्हणून तिथे रोलला तांब्याच्या तारेची झालर लावून तार जमिनीत पुरतात. सखा, तू जीपवाला. सीटवरून घसरत उतरलास की पेट्रोलच्या टाकीजवळ जायच्या आधी दाराच्या लोखंडाला हात लाव. पेट्रोलचा कॅन गाडीत ठेवून कधी भरू नको, खाली जमिनीवर ठेव."

सखाने मान हलवली. या वेळी तो हसला नाही.

भारती म्हणाली, "मावशी, दुकानात झेरॉक्सचे कागद एकमेकांना चिकटतात, हाताच्या केसांना ओढतात, ते पण हेच?"

"अगं, तुझं मशीनच त्याच्यावर चालतं! आतल्या नळकांड्यावर असलीच वीज ठेवतात, ती काळी भुकटी धरून ठेवते. तालुक्याचे जातीचे दाखले तू त्या भुताकडून छापून घेतेस आणि तुलाच ठाऊक नाही."

गोमा भगत नाक चोळत उठला. "हे मशीनचं ठीक. पण पोरीच्या अंगात..."

"बाबा, दार लावू का जरा?" हिरीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दारखिडक्या लावल्या. खोलीत काळोख झाला. "आता स्वेटर काढा. डोक्यावरून, एका झटक्यात."

गोमाने काढलं. काढताना चर्र चर्र आवाज झाला आणि भगताच्या डोक्याभोवती बारीक निळ्या ठिणग्या नाचल्या. दार उघडलं तेव्हा त्याचे उरलेसुरले केस सरळ उभे होते.

"कळलं," तो भारदस्तपणे म्हणाला. "मीच ती पोरीच्या अंगातून काढून स्वेटरात घेतली होती."

यावर हौशीसकट सगळे इतके हसले की पलीकडून चंदूमामा विचारत राहिला, "काय झालं? यावं का आत?" त्याला कोणी उत्तर दिलं नाही. गोमाला मात्र आपल्या उत्तराचा चांगलाच अभिमान वाटला असावा, कारण पुढे कित्येक दिवस तो ते सांगत होता.

हौशीने भारतीजवळ येऊन तिचा हात हातात घेतला. "बाय, माझं चुकलं. आता तुझं काय म्हणणं?"

जिवली पुढे झाली. "तिचं काय म्हणणं असणार, आम्ही..."

"आये, मला विचारलंय," भारती म्हणाली. "सखा चांगला आहे. पण मी दुकानातलं काम सोडणार नाही. उद्या मालकाला तोंड दाखवते, मशीन माझ्याकडे राहते का बघते. आणि आठ दिवस द्या. मला त्याच्याशी बोलायचंय. भगताशी नाही, मामाशी नाही, त्याच्याशी."

"आठ दिवस?" हौशी चपापली. मग सखाकडे बघून म्हणाली, "दिले."

पाहुणे गेले, गाव पांगलं. हिरी पडवीत हात-पाय पसरून घोरू लागली. जिवली चुलीपाशी बसली होती. काठीची राख झाली होती. तिने भात वाढला, वर नागलीची भाकर ठेवली आणि ताट उचलून मागच्या खोलीत गेली. भारती कपडे आवरत होती. जिवलीने ताट खाली ठेवलं नाही. हातात धरून तशीच उभी राहिली.

"येसू म्हणाली म्हणून केलं मी तसं," ती म्हणाली. "नाही. येसूचं नाव कशाला घेऊ? मलाच भीती वाटली. माझ्याच पोरीची."

भारतीने कपडे बाजूला ठेवले. त्या काठीनंतर पहिल्यांदा ती आईशी मायेने बोलली. "तू जेवलीस का?"

"नाही."

"मग बस," भारती म्हणाली, भाकरीचे दोन तुकडे केले आणि अर्धा आईच्या हातात दिला.