डोळा ठीक आहे

पॉप ओक्सला पुरून आले आणि सगळे चर्चच्या तळघरात जेवायला बसले. तळलेलं चिकन होतं, चीज घातलेली मॅकरोनी होती, पार गाळ होईस्तोवर शिजवलेली पालेभाजी होती. वाढायला इनेझ, पॉपची लेक. रडून रडून डोळे सुजलेले, पण दुसऱ्या कुणाच्या हातात पळी द्यायला तयार नाही.

आता फिलाडेल्फियात बॉक्सिंगची चार माणसं एका टेबलाला बसली की भांडण ठरलेलं. या खेळातला सगळ्यात मोठा क्षण कुठला? कोच पॉप होता तेव्हा दर शनिवारी त्याच्या जिममध्ये हेच चालायचं. आणि पॉपचा नियम असा, की ज्याने त्याने एकाच मिनिटात बोलायचं. दोन फेऱ्यांच्या मधे बॉक्सरला रिंगच्या कोपऱ्यात मिळतं तेवढंच. मिनिट झालं की पॉप ग्लासावर चमचा वाजवायचा, मग तुम्ही देवाचं नाव घेत असलात तरी गप्प. आज चमचा इनेझने घेतला.

"झाईर, चौऱ्याहत्तर साल!" क्लीव्ह उठलाच. चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस, बोलतो तो मागच्या सीटला ऐकू जाईल असा. "सात फेऱ्या अली दोरीला टेकून मार खातोय. लोक म्हणतात, मेला, मेला. आणि आठवीत तो फोरमनचा डोंगर आडवा! आहे काही याच्यापुढे?"

"आहे तर," मिस बर्था म्हणाल्या. त्यांचं वय ब्याऐंशी, दात घरी विसरलेल्या. "अडतीस साल. जो लुई आणि तो जर्मन. आमच्या अख्ख्या गल्लीत रेडिओ एक. माझा बाप संडासला गेला, परत येतोय तर खेळ खलास! मरेपर्यंत हळहळला बिचारा."

सगळं टेबल हसलं. थर्मनही हसला, पण जरा उशिरा. थर्मन गॅडी, पॉपने घडवलेला बॉक्सर, आता सत्तावन्न वर्षांचा. हात थरथरतो म्हणून त्याच्या कपात इनेझ चहा अर्धाच ओतते. दर रविवारी पॉप त्याच्या घरी जाऊन त्याची दाढी करून द्यायचा. तीस वर्षांत एक रविवार चुकवला नाही.

"हर्शेलकाका, तुमचं मिनिट," इनेझ म्हणाली.

हर्शेल टेटच्या ताटातलं चिकन तसंच होतं. हा माणूस म्हणजे कटमन. गड्याची भुवई फुटली की त्या एका मिनिटात रक्त थांबवायचं, हा त्याचा धंदा. औषधात बुडवलेली कापसाची काडी, अंगठ्याचा दाब, वर व्हॅसलिन. अख्ख्या शहरात त्याच्यासारखा हात नव्हता असं लोक म्हणायचे. लोक म्हणायचे ते एकोणऐंशी सालच्या एका रात्रीमुळे.

"मनिला," हर्शेल म्हणाला. "पंच्याहत्तर साल. अलीसमोरची चौदावी फेरी झाल्यावर कोच म्हाताऱ्या फचने आपल्या फिलाडेल्फियाच्या जोला स्टुलावरून उठू दिलं नाही, तो क्षण."

झालं! टेबल पेटलं.

"अरे, शुद्धीवर आहेस का?" क्लीव्ह ओरडला. "एकच फेरी राहिली होती! आपल्या गावच्या पोराला त्याच्याच माणसाने बसवलं, आणि तू त्याला मोठा क्षण म्हणतोस? फिलाडेल्फियात बसून?"

"जोला दिसत नव्हतं, क्लीव्ह."

"तो स्वतः नको म्हणत होता ना! लढू द्यायचं होतं!"

थर्मनने टेबलावर थाप मारली. चहा सांडला.

"माझा क्षण," तो म्हणाला. त्याचं बोलणं जड, शब्द चिखलातून पाय काढावा तसे निघतात. "माझा क्षण हर्शेलचा. डोळ्यावर भुवई फुटली माझी. डॉक्टर म्हणाला, रक्त दिसलं तर थांबवतो. हर्शेलने रक्त बंद केलं. थेंब नाही! मी जिंकलो. तो म्हातारा जोला बसवतो, आणि माझा हर्शेल मला उभा करतो!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भिंतीवर आज पॉपचा जो फोटो लावला होता, तोही त्याच रात्रीचा. पॉपने थर्मनला उचललंय, आणि कडेला हर्शेल, कानावर कापसाची काडी.

इनेझने चमचा वाजवला. "झालं मिनिट."

"नाही झालं," हर्शेल म्हणाला. "वाजव हवा तेवढा."

तो उठला नाही. हात टेबलावर ठेवून बसल्या बसल्या बोलला.

"सहाव्या फेरीनंतरची गोष्ट. पॉप रिंगच्या पायऱ्यांवर डॉक्टरच्या हातापाया पडत होता. मी थर्मनच्या भुवईवर वाकलेलो. त्याचं तोंड माझ्या कानाशी. त्याने विचारलं, 'कितवी फेरी?' मी म्हटलं, सातवी येतेय. मी काडी बदलतोय तोवर परत, 'कितवी फेरी?' मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा मी उत्तरच दिलं नाही. रक्त थांबत आलं होतं ना! इतकं साफ काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. मग पॉप वळला. म्हणाला, 'हर्शेल, कसा आहे पोरगा?' आणि मी म्हटलं, 'डोळा ठीक आहे.'"

हर्शेलने अंगठा टेबलाच्या कडेवर दाबला.

"पोरगा विचारला होता त्याने. मी डोळा सांगितला. पुढच्या चार फेऱ्या याने किती मार खाल्ला ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. त्या रात्रीवर मला पुढे लास व्हेगसपर्यंत कामं मिळाली."

थर्मन विचार करत होता. वेळ लागला त्याला.

"सांगितलं असतंस तर पॉपने थांबवलं असतं?"

"लगेच."

"पण मी जिंकलो ना?"

"जिंकलास, गड्या."

"मग झालं की!" थर्मन हसला आणि केकचा तुकडा उचलायला लागला.

पण इनेझ हसली नाही. तिने चमचा ताटलीत ठेवला, आवाज न करता.

"बाबा मागच्या मंगळवारपर्यंत तेच म्हणत होते," ती म्हणाली. "'मी डॉक्टरकडे बघत बसलो, पोराकडे बघितलं नाही.' दवाखान्यात, नाकात नळ्या असताना. तुम्ही खुर्चीवर शेजारीच होतात, काका."

"होतो."

"मग?"

हर्शेलने ताट बाजूला सारलं. खरं तर तो त्या मंगळवारी सांगायचं ठरवूनच गेला होता. पॉपने डोळे मिटले, तेव्हा स्वतःशीच म्हणाला, झोपलाय, उठला की सांगू. इनेझ भांडी उचलून आत गेली. एकेक जण खुर्ची सरकवून उठला. क्लीव्ह जाताना हर्शेलच्या खांद्यावर हात ठेवणार होता, पण मग त्याने टोपी शोधायचं सोंग केलं.

टेबलाला दोघंच उरले. थर्मनने इकडेतिकडे बघितलं.

"पॉप कुठंय? त्याचं मिनिट राहिलं."

हर्शेलने खुर्ची त्याच्याजवळ ओढली. एकोणऐंशी साली होता तेवढ्याच जवळ.

"पॉप गेला, थर्मन. शुक्रवारी. आत्ताच पुरून आलो आपण. पेटीचा एक दांडा तू धरला होतास."

थर्मनचा चेहरा पडला. त्याने हातातला केक ताटलीत ठेवला. हर्शेलने रुमालाने त्याच्या हनुवटीवरचा केक पुसला. आत नळाचं पाणी चालू होतं.

"पॉप कुठंय?"

"पॉप गेला, गड्या. शुक्रवारी."

तोच चेहरा. पुन्हा पहिल्यापासून तेच दुःख. हर्शेलला ते बघवत नव्हतं. 'येईल इतक्यात' म्हटलं असतं तर थर्मन केक खात बसला असता, आणि कुणी दोषही दिला नसता. पाणी बंद झालं. इनेझ दारात येऊन उभी राहिली, हात ओले.

"हर्शेल," थर्मन म्हणाला, "पॉप कुठंय?"

हर्शेलने त्याचा थरथरता हात दोन्ही हातांत धरला आणि तिसऱ्यांदा सांगितलं, सगळं, शुक्रवारपासून.

इनेझ शेवटपर्यंत ऐकत राहिली. दारातून हललीही नाही.