एका फुंकरीची ओळख

मी फुंकणी बोलतेय. चुलीजवळची लोखंडी नव्हे हं! मी माणसाच्या छातीतला जोर मोजते. पांढरं प्लॅस्टिकचं नळकांडं, अंगावर आकडे आणि त्यांवरून सरकणारा लाल काटा. तोंड लावून जोरात फुंकलं की काटा पुढे धावतो. कारखान्यात माझं लांबलचक इंग्रजी नाव ठेवलं होतं, पण हेदवीच्या अलीकडच्या एका वाडीतल्या बायकांनी मला पाहिलं आणि तिथल्या तिथे माझं बारसं उरकलं.

स्वस्थ बसणं माझ्या स्वभावात नाही, आणि वाट्याला काम आलं ते नेमकं जीव टांगणीला लावणारं. मला विकत घेतलं श्रुतीने. ती डॉक्टरकी शिकतेय. स्वयंपाक चुलीवर होतो की गॅसवर, आणि घरातल्या बाईला खोकला आहे का, अशी पाहणी तिने काढली होती. रीत अशी, की प्रत्येक घरी एकदाच जायचं, त्या दिवशी दिसेल ते टिपायचं आणि पुढचं दार गाठायचं. चूल की गॅस? खोकला आहे? फुंका. झालं! एखादी म्हातारी ओटीवर धापा टाकत बसलेली असायची. मला वाटायचं, अगं थांब, हिचं मागे काय झालं, पुढे काय होणार, विचार की! पण तोवर माझं तोंड पुसून मला पिशवीत टाकलेलं असायचं.

त्यात या बायकांचा जन्म चूल फुंकण्यात गेलेला. त्या मलाही तशाच फुंकायच्या, हळू आणि लांबलचक. काटा ढिम्म. मग श्रुती ओरडायची, "काकी, झटक्यात! एकदम!" आणि बायका हसून हसून बेजार व्हायच्या.

तुळसाकाकी अशीच हसली, मग तिला खोकल्याची उबळ आली. पाणी पिऊन ती म्हणाली, "जुना हाय गो बाय ह्यो खोकला. त्येच्यापायीच सागरान गॅस आणलान." सागर तिचा मुलगा, लोट्याला कंपनीत कामाला. श्रुती तेव्हा माझा आकडा वाचत होती. तिने लिहिलं : गॅस, हो. खोकला, हो. आधी काय आणि मागून काय, हे तिने विचारायचं ठरवलंच नव्हतं. मी ऐकलं होतं. पण मला आकडे आहेत, जीभ नाही. किती तडफडले!

पुढे देवळाच्या मंडपात श्रुतीने पाहणीत काय आढळलं ते सांगितलं. "गॅस असलेल्या घरांत खोकला जास्त दिसला. पण तो गॅसमुळेच आहे, असं यावरून म्हणता येत नाही." दुसरं वाक्य कोण ऐकतो? तेवढ्यात चहा आला होता. शेजारची चिमा तिथेच म्हणाली, "बघ गो तुळसा! मी सांगत व्हते ना, गॅसचाच खोकला ह्यो."

थोड्याच दिवसांत सागरचा फोन आला. मी पिशवीतून ऐकत होते. "मॅडम, आमच्या आईला काय सांगितलंत तुम्ही? शेगडीवर फडका टाकलान तिने. दिवसभर चुलीपुढे बसते नि खोकते. माझं ऐकत नाही."

दुसऱ्या दिवशी श्रुतीने गुहागरची एसटी धरली. तुळसाकाकीचं स्वयंपाकघर धुराने कोंदलं होतं. एकाच माणसाला दुसऱ्यांदा भेटायची माझी ही पहिलीच वेळ, आणि मला केवढा आनंद झाला होता! मग तिने फुंकलं. काटा मागच्या आकड्याच्या कितीतरी अलीकडे थांबला. मला रडूच आलं.

"काकी, खोकला गॅसच्या आधीचा की नंतरचा?"

"आदीचा गो! तवाच सांगितलेलं मी तुला."

श्रुतीचे डोळे लाल झाले होते, धुराने म्हणा हवं तर. मग ती गॅसवाल्या घरांची दारं पुन्हा ठोठावत निघाली. बहुतेक ठिकाणी तेच उत्तर, खोकला आधीचा आणि त्यासाठीच मुलांनी घेतलेला गॅस मागाहूनचा. चिमाच्या अंगणात तिने हे मोठ्याने सांगितलं. चिमा म्हणाली, "मग तवाच नीट सांगायचंस ना!" खरंच होतं तिचं.

आता जिथे नवा गॅस येणार आहे, तिथे श्रुती आधीपासून मोजणार आहे आणि मोजत राहणार आहे. त्यासाठी तिने दुसऱ्या फुंकण्या आणल्या. मला तिने रोज फुंकून बघायला तुळसाकाकीपाशीच ठेवलं.

मी शेगडीजवळ खिळ्याला लटकलेय. शेगडीवरचा फडका निघाला, पण भाकरीला गॅसवर चव नाही म्हणून काकी मधूनच चूल पेटवते आणि मी इथे जळफळते. काटा एक दिवस पुढे जातो, एक दिवस मागे येतो. तुम्हीही कोणाला एकदाच पाहून त्याच्याबद्दल मत ठोकून देऊ नका हो. परत जा, विचारा.

आज सकाळी तिने फुंकलं. काटा पहिल्या भेटीतल्या आकड्यापाशी आला आणि तिथेच अडला. तुळसाकाकीने मला पदराने पुसलं. "ऱ्हावदे गो. उद्या बगू."

उद्या! आजवर मला हे कोणीच म्हटलं नव्हतं. आता उद्यापर्यंत धीर कसा धरू, तेवढं सांगा.