बोलून चालणारा रिमोट

बसस्थानकावर एकतीस वर्षं गाड्या पुकारल्या म्हणून सगळे त्यांना भोंगेकाका म्हणत. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला, नाव तेवढं राहिलं. आता बोलायचं ते वहीत लिहायचं. दुपारच्या कुस्त्या ते टीव्हीच्या जुन्या रेकॉर्डरवर साठवून ठेवत आणि पाच वाजता चहाबरोबर बघत, आवडलेला डाव मागे घेऊन पुन्हा बघत. घरात एवढी एकच गोष्ट अशी होती, जिच्यासाठी त्यांना कुणाची मिनतवारी करावी लागत नव्हती.

मुलाने नव्या रेकॉर्डरचा घाट घातला. आठवडाभर जेवताना तेच पुराण: जुना परत दिला की नवा निम्म्या किमतीत, महिन्याचं भाडं जरासंच जास्त, एका वेळी चार वाहिन्या रेकॉर्ड. चार वाहिन्या बघायला चार डोकी कुठून आणायची, हे काही तो सांगेना. काकांना तर कुणी विचारलंच नाही.

रविवारी कंपनीचा माणूस आला, जुना डबा काढून नवा बसवला आणि साबणाच्या वडीएवढा रिमोट काकांच्या हातात दिला. त्याला बटणं पाच. बाकी सगळं बोलून करायचं, नुसतं ‘कुस्ती लाव’ म्हणायचं, असं तो कौतुकाने सांगू लागला. त्या बिचाऱ्याला काय माहीत! पण मुलाला माहीत होतं. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पडद्यावर एकेक अक्षर निवडूनही शोधता येतं, असं म्हणत मुलाने ‘कुस्ती’ लिहून दाखवलं. चार मिनिटं लागली. नाहीतर मला सांगत जा, मी लावून देईन, असंही वर म्हणाला. हा घरी येणार आठला. काकांनी वहीत ‘जुना लाव’ लिहिलं, इतकं दाबून की कागद फाटला. होईल हो सवय, म्हणून मुलाने वही बाजूला सारली.

तेवढ्यात कंपनीचा फोन आला. जोडणी काकांच्या नावावर, तेव्हा संमतीही त्यांच्याच तोंडून हवी होती. मुलाने स्पीकर लावला.

“हो, मीच बोलतोय,” तो म्हणाला. “माझी संमती आहे.”

बाप समोर बसलेला असताना! काकांनी फोन हिसकावला आणि होता नव्हता तेवढा जोर घशात आणला.

“नको.”

पत्र्यावर खिळा ओढावा तसा तो आवाज आला.

“सर, आवाज नीट येत नाहीये. परत सांगता का?”

परत सांगायला दम उरला नव्हता. काकांनी फोन मुलाच्या तोंडापुढे धरला. त्यांनी तो खाली घेतला नाही. मुलाला ऐकू आलं होतं. खोलीतल्या सगळ्यांनाच आलं होतं.

“ते नको म्हणतायत,” मुलगा शेवटी म्हणाला.

“आपण कोण बोलताय?”

“मी त्यांचा मुलगा,” तो खाली बघत म्हणाला. “मघाशीही मीच बोललो.”