देव फ्रिजवर, शेवंती देव्हाऱ्यात

समोर बारा मजली टॉवर उभा राहिला आणि मोशीतल्या त्या फ्लॅटमध्ये ऊन यायचं बंद झालं. बाल्कनीतल्या गुलाबाने मान टाकली, आणि दिव्याच्या डोक्यात खूळ शिरलं: आता घरातच शेवंती फुलवायची, ट्यूबच्या उजेडात.

खूळ अगदीच हवेतलं नव्हतं. दिव्या चाकणच्या एका कंपनीत बंपरचे रंग तपासायची. रंगवलेला तुकडा वेगवेगळ्या ट्यूबखाली धरायचा आणि लाल तो लालच दिसतोय ना हे बघायचं, एवढंच काम. तिथे एलईडी आले तशा जुन्या दोन फुटी ट्यूब भंगारात निघाल्या. साहेबांना विचारून तिने चार घरी आणल्या. दोन पांढऱ्याशुभ्र, दोन पिवळट.

दोन फुटी ट्यूब बसेल, प्लग असेल, फळी असेल, अशी जागा घरात एकच होती. देव्हारा. दिव्याने देवांना अंघोळ घातली, हात जोडले आणि ताम्हणासकट उचलून फ्रिजवर ठेवलं. देव्हाऱ्यात शेवंतीच्या तीन कुंड्या गेल्या. देवांचा छोटा लाल विजेचा दिवा तेवढा तिथेच राहिला.

सासूबाई, म्हणजे रुक्मिणीबाई, भजनाहून आल्या आणि दारातच थबकल्या.

"आगं, देव कुठं गेलं?"

"फ्रिजवर. थंड हवेच्या ठिकाणी."

"त्यात अंडी हायती!"

"अंडी आत आहेत, आई. देव बाहेर."

नवरा गणराज मोबाइलमध्ये इतका गढून गेला की मोबाइल उलटा धरलाय हेही त्याला कळलं नाही.

रुक्मिणीबाईंनी दोन दिवस फ्रिजपुढे उभं राहून पूजा केली. तिसऱ्या दिवशी त्यांनी अट घातली. "देव हलवलं, पर जागा देवाचीच हाय. तिथला लाल दिवा इझायचा न्हाई. रातीचा बी न्हाई."

दिव्या खुशीने हो म्हणाली. लाल उजेड फुलांना चांगलाच की!

आधी तिने दोन्ही पांढऱ्या ट्यूब लावल्या. रोपं पैलवानासारखी बुटकी आणि दणकट झाली, पानं काळपट हिरवी. कळी मात्र एक नाही. तेव्हा तिला आठवलं: पांढऱ्या ट्यूबमध्ये निळा जास्त, आणि निळ्यावर पानं माजतात. फुलायला लाल लागतो, तो पिवळट ट्यूबमध्ये जास्त. मग तिने दोन्ही पिवळट लावल्या. रोपं दहावीतल्या पोरांसारखी नुसती उंच वाढली. शेवटी एक पांढरी, एक पिवळट अशी जोडी जमवली. सकाळी सातला चालू, संध्याकाळी सहाला बंद, टायमर लावून. दोन महिने उलटले. रोपं देखणी, तजेलदार आणि ठार निर्लज्ज; कळी अजून एक नाही.

"कोथिंबीर लाव," गणराज म्हणाला. "निदान मिसळीवर टाकता येईल."

"देवाच्या जागी बसल्यात," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "फुलायचं सोडून मान घेत्यात."

शेवटी तिने कंपनीची बाग सांभाळणाऱ्या धम्मपालांना गाठलं. ट्यूबची सगळी कहाणी त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"जोडी बरोबर लावलीत, ताई. पण शेवंतीला रात्र लागते. काळीकुट्ट, सलग. रात्री कुठं उजेड पडतो का तिच्यावर?"

"नाही हो. म्हणजे... एक छोटा लाल दिवा असतो."

धम्मपालांनी कपाळावर हात मारला. "लालच कसा नेमका! दिवसा लाल तिला खुराक. पण रात्री तोच पडला की तिला वाटतं, दिवस अजून मावळलाच नाही. मग कळी कशाला धरेल ती?"

दिव्या घरी आली ती बसमध्ये युक्तिवाद घोळवतच. साहेबांपुढे बोलायला ती कधी घाबरली नव्हती. इथे मात्र तिने लांबून, देवळापासून सुरुवात केली.

"आई, देवळात शेजारती कशाला करतात?"

"देव निजावा म्हनून."

"मग उशाला रात्रभर लाल दिवा असला तर कोणाला झोप लागेल?"

रुक्मिणीबाईंनी तिच्याकडे, मग फ्रिजकडे पाहिलं. "देव तर थितं हायती. हितं कोन निजतंय?"

"...शेवंती."

"मग आसं सरळ सांग की! देवाला मधी कशाला घालतीस?" आणि त्यांनी स्वतःच दिवा काढून पदराने पुसून फ्रिजवर नेऊन लावला.

तीन आठवड्यांनी मोहरीएवढ्या कळ्या दिसल्या. मग सकाळी सातला ट्यूब लागली की दोघी चहा घेऊन देव्हाऱ्यापुढे उभ्या. कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, काय हे भाविक घर!

महिन्याभराने सात फुलं उमलली, टपोरी, फिकट जांभळी. दुसऱ्या दिवशी दिव्या अंघोळ करून आली तर झाडं भुंडी. पाच फुलं देवांपुढे, एक रुक्मिणीबाईंच्या अंबाड्यात.

"आई! मला फोटो काढायचा होता!"

"झाडाला काय बघत बसायचंय? मान वाकव."

सातवं फूल त्यांनी तिच्या केसांत खोचलं. दिव्या चिडली होती, पार स्टॉपवर पोचेपर्यंत चिडली होती. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "शेवंती छान आहे हो. कुठे मिळाली?"

"घरची आहे," दिव्या म्हणाली, आणि चाकण येईपर्यंत मान जराही हलवली नाही.