रेघेच्या केसभर पुढे

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. भंगारात जाता जाता वाचलेली.

कोरी होते तेव्हा माझ्या टाकीत माणसाला तोंड दिसायचे. एका मिस्त्रींनी मला घेतले. ठिणगी नेमकी कधी पडावी याची खूण म्हणून त्यांनी माझ्या इंजिनातल्या जड चाकावर कानशीने एक रेघ मारली. त्या रेघेच्या जोरावर मी त्यांचे सगळे बिऱ्हाड वाहिले. मिस्त्रींची गाडी अर्ध्या किकमध्ये बोलते, असे लोक म्हणत. पुढे मिस्त्रींना नीट ऐकू येईनासे झाले, दुकान बंद पडले आणि मी जिन्याखाली जुन्या गाद्यांच्या आड गेले.

तिथून मिस्त्रींच्या लेकीने मला बाहेर काढले. मिस्त्रींना माझ्यावरूनच डोंगरावरच्या बहिणीकडे जायचे होते. पण मधल्या काळात पेट्रोल बदलले होते. त्यात आता अल्कोहोल मिसळतात. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या माझ्या जुन्या कार्ब्युरेटरमधून ते पुरेसे येत नसे, पोट तापे, आणि जुन्या रेघेवरची ठिणगी फार लवकर पडे. पिस्टन वर पोचायच्या आतच भडका. चढ लागला की डब्यात खडे वाजावेत तसा आवाज येई. असेच चालले तर पिस्टनला भोक पडणार होते, आणि माझा पिस्टन आता कुठेच बनत नाही.

लेकीला तो आवाज कळला. तिने भीत भीत बापाच्या कानाशी सांगून पाहिले. "रेघ मी मारलीय," मिस्त्री म्हणाले. विषय संपला.

निघायच्या सकाळी त्यांनी ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटच्या फटीत पातळ कागद धरला आणि लेक इंजिन हाताने हळूहळू फिरवू लागली. कागद सैल होतो, त्याच क्षणी ठिणगी पडते. तो बरोबर रेघेवर सैल झाला. मिस्त्री खूश, मी गर्भगळीत. दोघांचे ओझे आणि समोर तो चढ.

लेकीने मला सुरू केले, पण फाटकाबाहेर नेले नाही. पुढचे चाक भिंतीला टेकवून तिने गिअर टाकला, ब्रेक दाबला आणि क्लच हळूहळू सोडला, म्हणजे जागच्या जागी माझ्यावर चढासारखा भार आला. वडिलांच्या हाती तिने आधीच लांब स्क्रूड्रायव्हर दिला होता. टोक माझ्या तापल्या इंजिनावर, मूठ त्यांच्या कानामागच्या हाडावर, म्हणजे आवाज हाडातून आत पोचेल. पोटात घणाचे घाव पडत होते. आणखी थोडे, की मी संपले असते. मिस्त्रींचा चेहरा काही हलेना. मग एकदम त्यांनी हात वर केला. लेकीने इंजिन बंद केले.

"कधीपासून रडतेय ही?"

लेक त्यांच्या कानाशी वाकली. "पहिल्या दिवसापासून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून जोर नाही धरला, बाबा."

"मला नुसतं वाईट वाटलं असतं. हिचं पोट फाटलं असतं."

मी निवल्यावर त्यांनी कार्ब्युरेटरमध्ये जास्त पेट्रोल सोडणारा, मोठ्या भोकाचा जेट बसवला, पॉइंटची पट्टी सैल केली आणि कागद पुन्हा धरला. या वेळी तो रेघेच्या केसभर पुढे सुटला, म्हणजे ठिणगी जराशी उशिरा. बोट तिथेच ठेवून ते लेकीला म्हणाले, "आता तू मार." तिच्या हातची रेघ थोडी वाकडी आली. ती घेऊन मी चढ चढले. तापले, धापा टाकल्या, पण खडे वाजले नाहीत.

मित्रांनो, जुन्या जिवाला जपायचे तर आज त्याच्या पोटात काय जाते ते आधी बघा. आणि त्याचे कण्हणे तुमच्या कानी आले, तर कुणाच्या मानापायी गप्प बसू नका. हळू आवाजात सांगा, पण सांगा.